कुरळे केस, जड पाणी आणि कोरडी हवा : मराठवाड्यात निगा कशी राखावी?

गोदाकाठ (परभणी)

कुरळ्या केसांच्या निगेविषयी मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते, पण त्यातले बहुतेक लेखन मुंबई-पुण्याच्या हवेत आणि धरणाच्या मऊ पाण्यात राहणाऱ्या मंडळींचे असते. त्यांचा सल्ला चुकीचा नसतो. परंतु बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यावर आणि उन्हाळ्यात ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या कोरड्या हवेत दिवस काढणाऱ्या परभणी, जालना, बीड किंवा हिंगोलीच्या माणसाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. महागडे कंडिशनर आणून, व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे सगळे करूनही केस काथ्यासारखे राहिले, की आपल्याकडची मुलगी शेवटी एकच निष्कर्ष काढते, की आपले केसच वाईट आहेत. हा निष्कर्ष खोटा आहे, एवढे मला ठामपणे मांडायचे आहे आणि त्यासाठीच हा चर्चेचा धागा काढत आहे.

केस कुरळा का होतो, ते आधी पाहू. त्वचेखालच्या ज्या पुटकातून केस उगवतो ते सरळ असेल तर केस सरळ येतो. ते वाकलेले असेल तर केस वळण घेऊनच बाहेर पडतो. अशा केसाचा आडवा छेद गोल नसून लंबगोल असतो. हे वळण आईवडिलांकडून येते. लहानपणी जावळ दोनदा काढले तर पुढे केस सरळ येतात, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. वस्तऱ्याने केस कापला जातो, पुटक बदलत नाही. वयात येताना किंवा बाळंतपणानंतर वळण कमी-अधिक झाल्याचे अनेकींना जाणवते, पण ते शरीरातील बदलांमुळे, वस्तऱ्यामुळे नव्हे.

या वळणाचा एक परिणाम असा, की टाळूतून स्रवणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून जसे सहज खाली उतरते तसे कुरळ्या केसावरून उतरत नाही. त्यामुळे मुळाशी तेलकटपणा आणि टोकाशी रखरखीतपणा, अशी अवस्था एकाच डोक्यावर दिसते. ती अस्वच्छता नव्हे, आजारही नव्हे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याचा आकार दोन प्रकारच्या बंधांनी टिकतो. गंधकाचे बंध पक्के असतात, ते साध्या पाण्याने तुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध मात्र केस भिजताच सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. याचा अर्थ असा, की केस ज्या आकारात वाळतो तो आकार तो पुढच्या भिजण्यापर्यंत बऱ्याच अंशी धरून ठेवतो. कुरळ्या केसांची सगळी निगा या एका गोष्टीवर उभी आहे. ज्यांना हे उमगले त्यांना कोणत्याही यादीची गरज राहत नाही: गुंता केस ओले आणि कंडिशनरने निसरडे असतानाच, टोकाकडून मुळाकडे जात, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने सोडवावा, केस पाण्याने निथळत असतानाच जेल किंवा क्रीम लावून मुठीत धरून वर दाबावेत, म्हणजे बटा आपापल्या वळणावर एकत्र येतात, आणि त्यानंतर पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये. वाळलेल्या केसांत सकाळी उठून कंगवा घातला की एकत्र बांधलेली बट सुटी होते, तिचा प्रत्येक केस वेगळ्या दिशेला जातो आणि डोके पिंजारलेले दिसते. टॉवेलने खसाखसा चोळल्यानेही हेच होते. घरातले जुने, मऊ झालेले सुती धोतर किंवा पंचा याकरिता टॉवेलपेक्षा कितीतरी चांगला, आणि तो प्रत्येक घरात असतो.

आपल्या घरांत मुलींना जे ऐकवले जाते, त्याचाही येथे उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. "झिपऱ्या सोडून फिरू नको", "कुरळ्या केसांची मुलगी हट्टी असते", "पाहुणे येणार आहेत, केस चापून बसव" ही वाक्ये प्रेमाच्या माणसांकडून येतात, म्हणून ती अधिक खोल जातात. ज्या प्रदेशात अजिंठा आहे, त्या प्रदेशात हे बोलले जावे याचे मला फार वाईट वाटते. १ क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीच्या खांद्यांवर उतरलेल्या बटा पाहाव्यात. वेरूळ-अजिंठ्याच्या बुद्धमूर्तींच्या मस्तकावर दिसणारी लहान लहान वलये पाहावीत. दीड हजार वर्षांपूर्वी या भूमीतल्या कलावंतांनी सौंदर्याची आणि शांततेची कल्पना ज्या रूपात केली, त्या रूपाला कुरळे केस होते.

आपापल्या गावचे पाणी, हवा आणि मिळणाऱ्या वस्तू लक्षात घेऊन अनुभव लिहावेत, ही विनंती.

मांजरातीर (लातूर)

गोदाकाठताई, धागा काढल्याबद्दल आभार. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि माझे स्वतःचे व दोन्ही मुलींचे केस कुरळे आहेत, त्यामुळे पाण्याचा मुद्दा विस्ताराने मांडतो.

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टवर, म्हणजे आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो त्यावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात आणि पाणी जड होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात खोल बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर ज्यांनी दिवस काढले त्यांना जड पाणी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. घरच्या घरी त्याची ओळख सोपी आहे: तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण काठिण्याची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, स्वीकारार्ह मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅम दिलेली आहे. ही मर्यादा केसांसाठी ठरवलेली नाही, पण पाणी तपासून घेतल्यास आपण कुठे उभे आहोत याचा अंदाज येतो.

केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन धन भाराचे असतात; ते केसाला चिकटून राहतात आणि केस खरबरीत होतो. त्यातच अंगाचा साबण डोक्याला लावला, तर साबणातील मेदाम्ले कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो वळणावळणांत बसतो. शिवाय साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० च्या आसपास असतो, तर टाळूचा साडेपाचच्या जवळ. म्हणून कुरळ्या केसांना साबण कधीही लावू नये, हे मी कोणताही अपवाद न ठेवता सांगेन. शाम्पूमधील द्रव्ये जड पाण्यातही असा साका तयार करत नाहीत.

उपाय काय? आपल्या भागातील पुष्कळ पाण्याचे काठिण्य बायकार्बोनेटमुळे असते, आणि ते उकळल्याने कमी होते. बंबात किंवा पातेल्यात पाणी चांगले उकळू द्यावे, रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी तळाचा गाळ न ढवळता वरचे पाणी घ्यावे. तुरटीने पाणी नितळ होते, मऊ होत नाही. धुण्याचा सोडा टाकला तर पाणी मऊ होते, पण इतके अल्कधर्मी होते की ते केसांवर कदापि घेऊ नये. सगळी अंघोळ मऊ पाण्याने करणे आपल्याकडे कोणालाच परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. केस नेहमीच्या पाण्याने धुऊन शेवटचे एक-दोन तांबे मात्र आरओच्या किंवा जारच्या पाण्याचे घ्यावेत. त्या पाण्यात लिटरमागे चिमूटभर लिंबाचे सत्त्व किंवा एक-दोन चमचे व्हिनेगर मिसळल्यास केसांवर बसलेले क्षार सैल होतात. त्यापेक्षा जास्त आम्ल घेण्याचा मोह टाळावा, आणि डोक्याला जखम किंवा पुरळ असेल तर हा प्रयोगच करू नये.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी अनेक घरांत बादलीत साठवून वापरले जाते, आणि पाणीटंचाईच्या भागात ते योग्यही आहे. परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे, केसांवर घेऊ नये.

कापूसवेचणी (जालना)

मांजरातीर दादा, आमच्याकडे जार देणारे टीडीएस मोजण्याचे छोटे यंत्र दाखवून पाणी मऊ असल्याचे सांगतात. त्यावर विश्वास ठेवावा का?

मांजरातीर (लातूर)

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच पदार्थांचे प्रमाण. काठिण्य हा त्याचा एक भाग आहे. टीडीएस अगदी कमी असेल तर काठिण्य कमी असणारच, पण टीडीएस जास्त असेल तर ते मिठामुळे आहे की कॅल्शियममुळे, हे त्या यंत्रावरून कळत नाही. काठिण्य मोजण्याची वेगळी तपासणी असते आणि ती पाणी तपासणी प्रयोगशाळेत करून मिळते.

बालाघाटी (अंबाजोगाई, जि. बीड)

मी वयाने येथे लिहिणाऱ्या बहुतेकींपेक्षा मोठी आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहिते. बाजारातल्या प्रत्येक बाटलीला आपल्या घरात पर्याय असतो असे मी म्हणणार नाही. कंडिशनरला तसा पर्याय मला मिळालेला नाही आणि तो विकत घ्यावाच. जेलला मात्र आहे, आणि तो आपल्या शेतातला आहे: जवस.

ज्या जवसाची आपण चटणी करतो तेच घ्यावे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळावे. पाण्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार येऊ लागली की लगेच आच बंद करून, गरम असतानाच पातळ सुती फडक्यातून गाळावे. गार झाल्यावर ते फडक्यातून उतरत नाही आणि सगळे वाया जाते. हे जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. त्याला आंबूस वास आला तर टाकून द्यावे. ओल्या केसांवर लावले की ते वाळताना बटेभोवती पातळ कडक पापुद्रा धरते, आणि केस पूर्ण वाळल्यावर हातावर दोन थेंब तेल घेऊन बटा हलक्या हाताने दाबल्या की तो पापुद्रा मोडून केस मऊ होतात. उन्हाळ्यात ग्लिसरीन जास्त असलेली विकतची जेल अनेकींना सोसत नाहीत, कारण हवेतच ओल नसते तेव्हा ग्लिसरीन ओल आणणार कुठून; त्या दिवसांत जवसाचे जेल अधिक चांगले, असा माझा आणि माझ्या सुनांचा अनुभव आहे.

शिकेकाईविषयी. शिकेकाईतील फेस देणारे द्रव्य जड पाण्यातही काम करते, हा तिचा मोठा गुण. पण आजकाल मिळणारी पूड कुरळ्या केसांत अडकून बसते आणि ती काढताना केस तुटतात. शेंगा रात्री भिजत घालून सकाळी उकळाव्यात आणि ते पाणी गाळून वापरावे. दर वेळी शिकेकाई वापरली तर केस कोरडे होतात, म्हणून मध्ये सौम्य शाम्पू असू द्यावा. मेंदीबद्दलही हेच सांगते: ती केसाच्या प्रथिनाला धरून बसते, केस जाड वाटतो, पण कोरडा होतो आणि पुष्कळ जणींच्या बटा सैल पडतात. पांढरे केस झाकायचे असतील तर लावावी, मात्र त्यानंतर तेल आणि कंडिशनर यांत कसूर करू नये.

तेलाचा वाद आमच्या घरात नेहमीचा आहे. आपला भाग करडईचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे वाण काढले आहेत आणि आमच्या घरी पूर्वीपासून केसांना करडईचेच तेल लावले जाई. पण धुण्याआधी लावण्यासाठी खोबरेल श्रेष्ठ आहे, हे मान्य करावे लागते. रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यात केसातील प्रथिनाची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली, कारण त्यातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते. करडईचे तेल रचनेने सूर्यफुलाच्या जवळचे. म्हणून आम्ही आता धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावतो आणि वाळलेल्या बटांवर फिरवायला करडईचे थेंब वापरतो. घरातले दोन्ही पक्ष समाधानी आहेत.

दुधना (जालना)

मी पहिल्यांदाच लिहीत आहे. माझे लग्न ठरले आहे. सासरकडून थेट कोणी काही म्हटलेले नाही, परंतु पाहण्याच्या कार्यक्रमाला केस इस्त्रीने सरळ केले होते आणि आता लग्नातही तसेच दिसावेत, अशी आमच्याच घरच्यांची इच्छा आहे. पार्लरमध्ये रिबॉन्डिंग किंवा केराटिन ट्रीटमेंट सुचवली आहे. माझे मन होत नाही, पण नकार कोणत्या आधारावर द्यावा हे कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

कात्री (छत्रपती संभाजीनगर)

दुधना, मी पार्लर चालवते आणि या दोन्ही गोष्टी पूर्वीपासून जवळून पाहिल्या आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते.

गोदाकाठताईंनी वर दोन प्रकारचे बंध सांगितले आहेत. इस्त्री फक्त हायड्रोजनचे बंध हलवते, म्हणून केस धुतले की वळण परत येते. रिबॉन्डिंगमध्ये रसायनाने गंधकाचे पक्के बंध तोडले जातात, केस सरळ ताणून ते पुन्हा जोडले जातात. जेवढ्या केसावर हे झाले तेवढा भाग कायमचा सरळ राहतो. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि नवा केस कुरळाच येतो. लग्नानंतर सहा महिन्यांत वर बोटभर कुरळे आणि खाली सरळ, अशी स्थिती होते, आणि जिथे हे दोन भाग मिळतात तिथे केस तुटतो. मग पुन्हा पार्लर, पुन्हा रसायन. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवायला केस वाढण्याची आणि कापण्याची वाट पाहावी लागते, आणि ती वाट लांब असते.

केराटिन ट्रीटमेंट या नावामुळे केसांना काही पोषण मिळते असे वाटते. त्यातल्या अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याचे वर्गीकरण माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केले आहे. 'फॉर्माल्डिहाइड नाही' असे लिहिलेल्या काही द्रावणांत ग्लायॉक्सिलिक आम्ल असते, आणि ते वापरल्यानंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. माझ्या दुकानात मी हे करणे बंद केले आहे. बंद खोलीत दिवसभर तो धूर घेणारी पहिली व्यक्ती आम्ही स्वतः असतो.

आता लग्नाचे. कुरळ्या केसांचा खोपा आणि अंबाडा सरळ केसांपेक्षा चांगला बसतो, हे तुमच्या घरच्यांना माझ्या वतीने सांगा. सरळ केसांना भर यावी म्हणून उलटा कंगवा मारावा लागतो, स्प्रे मारावा लागतो, तरी पिना सरकतात. कुरळ्या केसांत पीन धरून राहते आणि मुंडावळ्या, वेणी, गजरा यांचा भार खोपा सहज पेलतो. हळदीच्या आदल्या दिवशी केस धुवून जेल लावून वाळवून घ्या, लग्नाच्या दिवशी धुऊ नका. कपाळाशी दोन बटा सुट्या ठेवल्या तर त्या मुद्दाम केल्यासारख्या सुंदर दिसतात. जमल्यास त्याआधी एकदा केशरचना करून छायाचित्र काढा आणि घरच्यांना दाखवा. वादापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो, असे मी अनेक नवऱ्या मुलींच्या बाबतीत पाहिले आहे.

आणि कापण्याविषयी: कुरळा केस ओला असताना लांब दिसतो आणि वाळला की वर चढतो. तेव्हा केस वाळलेले असतानाच, नेहमी जसे वळण धरतात तसे असताना, थोडे थोडे कापायला सांगावे. पार्लरवालीने ओले करून एका रेषेत कापायला घेतले तर तिला थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दुधना (जालना)

ताई, मनापासून आभार. आईला हा संपूर्ण प्रतिसाद वाचून दाखवला. फॉर्माल्डिहाइडचे वाचल्यावर तिनेच पार्लरला नाही कळवले.

काकू (तुळजापूर, जि. धाराशिव)

सगळे वाचत होते आणि एक गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. अंगणवाडीच्या कामामुळे माझे घरोघर जाणे असते. कुरळे, दाट केस, आठवड्यात एकदाही नीट न उलगडलेले, वर तेल, घाम आणि शेतातली धूळ. अशा केसांचा गुंता हळूहळू घट्ट होतो आणि एके दिवशी घरातले म्हणतात की जट आली, देवीने धरले. मग ती कापायची नाही, विंचरायची नाही, कारण कापली तर कोप होईल. त्या बाईच्या मानेला त्याचा भार सोसावा लागतो, आत उवा आणि फोड होतात, केस वाळत नसल्याने वास येतो आणि माणसे तिच्याजवळ बसत नाहीत. मुलीला जट आली तर तिचे शिक्षण आणि लग्न दोन्ही अडते.

ही जट म्हणजे न सुटलेला गुंता आहे, दुसरे काही नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनेक वर्षांपासून अशा महिलांना समजावून, त्यांच्या संमतीने जट कापून देतात. आमच्या अनुभवात जट कापण्यापेक्षा त्याआधीचे बोलणे अवघड असते. बाईची भीती खरी असते, तिला हसू नये आणि घाईही करू नये. ज्या बाईची जट पूर्वी कापली गेली आणि जी आता सुखाने नांदते आहे, तिला सोबत न्यावे. गुंता बोटाएवढाच असेल तर भरपूर खोबरेल आणि कंडिशनर लावून, खालून एकेक केस सोडवत, दोन-तीन बैठकांत तो सुटू शकतो. त्यापेक्षा मोठा असेल तर कापणेच योग्य.

तुम्ही बटांचे सौंदर्य लिहिता ते मला आवडते. पण ओल्या केसांत कंडिशनर लावून गुंता सोडवणे, एवढे एक जरी आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांपर्यंत गेले, तरी अनेकींच्या आयुष्यातला मोठा त्रास टळेल. दुकानात मिळणारी कंडिशनरची छोटी पुडीसुद्धा त्याला पुरते.

गोदाकाठ (परभणी)

काकू, आपल्या प्रतिसादाने या धाग्याला जे वजन आले ते माझ्या लेखनात नव्हते. आपली परवानगी असेल तर आमच्या गावच्या बचत गटाच्या बैठकीत मी तो वाचून दाखवेन.

काकू (तुळजापूर, जि. धाराशिव)

अवश्य वाचा. नाव नको.

असना (नांदेड)

पुरुषांच्या बाजूने थोडे. आमच्याकडे मुलाचे केस कुरळे असले की त्यावर उपाय ठरलेला असतो: मशीन लावून बारीक करणे. मला लहानपणापासून कुरळे केस असूनही ते कसे दिसतात हे कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हते, कारण ते कधी वळण घेण्याइतके वाढूच दिले नव्हते. आता कानांच्या बाजूंनी बारीक आणि वर चार बोटे लांब ठेवतो. सलूनमधील दादांना केसांवर वस्तरा किंवा पातळ करण्याची दातेरी कात्री चालवू नका असे सांगतो, कारण तिने बटा विरळ होऊन केस अधिक पिंजारतात. वर दिलेली सगळी पद्धत पुरुषांच्या केसांना तितकीच लागू आहे. फक्त जेल बोटभर पुरते आणि केस अर्ध्या तासात वाळतात.

खाम (छत्रपती संभाजीनगर)

स्कूटीवर जाताना आपल्याकडे सगळ्याच जणी डोक्याला स्कार्फ गुंडाळतात, आणि आमच्या घरी तर डोके झाकलेलेच असते. ज्या बहिणी दिवसभर डोके झाकतात त्यांच्यासाठी दोन सूचना. केस ओले असताना वरून कापड बांधू नका. ओल आणि उष्णता मिळाली की टाळूवरची बुरशी वाढते आणि कोंडा होतो. सकाळी वेळ नसेल तर केस रात्री लवकर धुवा. दुसरे, सुती कापड बटांना घासते आणि त्यांची ओल शोषून घेते, म्हणून आत सॅटिनची पातळ टोपी किंवा पट्टी घालावी. रात्री उशीलाही जुन्या रेशमी किंवा सॅटिनच्या कापडाचा अभ्रा घालावा. कोंडा चिकट, पिवळसर असेल तर तेल लावून बसू नये, त्याने तो वाढतो, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

कयाधू (हिंगोली)

माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेचा नियम दोन वेण्या आणि लाल रिबिनींचा आहे. रोज सकाळी विंचरताना ती रडते आणि मला शाळेच्या वेळेची घाई असते. त्यातच उवा झाल्या आहेत. तिने स्वतःहून 'माझे केस सरळ कर' असे म्हटले, ते ऐकल्यापासून मन लागत नाही. काय करावे?

बालाघाटी (अंबाजोगाई, जि. बीड)

लेकी, आधी उवांचे. वाळल्या केसांवर फणी ओढू नकोस. केस धुऊन, भरपूर कंडिशनर लावून, आधी रुंद कंगव्याने गुंता काढ आणि मग थोडे थोडे केस घेऊन बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरव. दर खेपेला फणी पांढऱ्या फडक्याला पूस, म्हणजे किती निघाल्या ते दिसते. कंडिशनरमध्ये उवा पळू शकत नाहीत आणि फणी अडकत नाही. तीन-चार दिवसांनी पुन्हा, असे दोन आठवडे कर, कारण लिखांतून नव्या उवा निघत राहतात. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी पाहा, नाहीतर तिच्या डोक्यात पुन्हा येतील.

रोजच्या वेण्यांचे असे कर. रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी केस ओले करून, उलगडून, रात्रीच सैल वेण्या घालून ठेव. सकाळी वेणी सोडू नकोस. वरचे सुटलेले केस ओल्या हाताने बसव आणि रिबीन बांध. ज्या दिवशी पुन्हा घालावीच लागेल त्या दिवशी पाण्यात थोडा कंडिशनर मिसळून फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेव आणि तो मारल्याशिवाय कंगवा लावू नकोस. वेणी कपाळाची कातडी ताणेल इतकी घट्ट घालू नये. रोजच्या ताणाने कानशिलांवरचे केस मागे हटतात आणि ते पुष्कळदा परत येत नाहीत.

आणि तिच्या त्या वाक्याचे. तिला उत्तर शब्दांनी देण्याची घाई करू नकोस. सुट्टीच्या दिवशी तिचे केस धुऊन, जवसाचे जेल तिच्याच हाताने लावू दे, मुठीत धरून दाबायला शिकव आणि मोकळे वाळू दे. घरात आणखी कोणाचे केस कुरळे असतील, तिची आजी, आत्या, काका, तर त्यांनाही त्याच दिवशी तिच्या शेजारी बसव आणि त्यांचे केस तिला करू दे.

कयाधू (हिंगोली)

तिच्या आत्याचे केस अगदी तिच्यासारखे आहेत, पण त्या नेहमी घट्ट बुचडा घालतात, त्यामुळे मुलीने ते कधी मोकळे पाहिलेलेच नाहीत. येत्या रविवारी त्यांना बोलावते. जवस घरात आहे. फडके मात्र किती पातळ घ्यावे?

बालाघाटी (अंबाजोगाई, जि. बीड)

चक्का बांधायला घेतो त्यापेक्षा थोडे विरळ. आणि लक्षात ठेव, गरम असतानाच गाळ.